उघड्यावर नाचू द्या, पण आवाज खिडकीत मोजा

२०११ च्या मे महिन्यातली गोष्ट. नवी मुंबईत पाम बीच रस्त्याच्या आतल्या बाजूच्या एका गावात हळद होती आणि साउंड माझं होतं. आठ बेस, आठ टॉप असे स्पीकर, दोन जनरेटर. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, नवरदेवाच्या मावश्या-आत्या पुढे नाचत होत्या आणि मी मिक्सरवर खूश होतो. साडेनऊच्या सुमाराला शेजारच्या इमारतीतला एक मुलगा आला. "दादा, आजी वर बोलावतेय." भांडण होणार असं समजूनच मी तिसऱ्या मजल्यावर गेलो.

आजी भांडल्या नाहीत. पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. "बस इथं पाच मिनिटं," एवढंच म्हणाल्या. मी बसलो. खाली कोणतं गाणं लागलंय, ते त्या खोलीत कळत नव्हतं. शब्द नाहीत, चाल नाही, ढोलकीचा तुकडा नाही. नुसती धडधड, भिंतीतून येणारी. शोकेसमधल्या कपबशा किणकिणत होत्या. टेबलावरच्या तांब्याला हात लावला तर तोही थरथरत होता. पाच मिनिटं झाली तशा आजी म्हणाल्या, "आता जा."

खाली जे संगीत म्हणून निघत होतं, ते वर पोहोचेपर्यंत संगीत राहिलंच नव्हतं. त्या रात्रीपासून माझ्या कामाची पद्धत बदलली. आणि त्या रात्रीमुळेच पुढचं सगळं लिहायचा अधिकार मला आहे असं मी समजतो, कारण मला मांडायचं आहे ते बहुतेकांना उलटं वाटेल. नवी मुंबईने आपल्या क्लब संस्कृतीचा महोत्सव भरवावा, तो उघड्या मैदानात भरवावा, आणि महापालिकेने त्याच्या पाठीशी उभं राहावं. नाचायच्या संगीताला शहर जोवर अधिकृत, उघडी जागा देत नाही, तोवर ते संगीत बंद दारांमागे नाहीतर मिरवणुकीच्या ट्रकवरच राहणार. आणि तिथं त्याला आवरणारं कुणी नसतं.

'क्लब' म्हटलं की आपल्याकडे लोक दचकतात, आणि त्याला कारण आहे. पनवेल ते वाशी या पट्ट्याने डान्स बारचा काळ पाहिला आहे. २००५ मध्ये राज्याने त्यांच्यावर बंदी आणली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही, सरकारने पुन्हा कायदा केला, २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातल्याही बऱ्याच अटी काढल्या. या सगळ्या वर्षांत ओढलेले पडदे, उधळलेल्या नोटा आणि पोलिसांचा छापा हेच चित्र 'क्लब' या शब्दाला चिकटून बसलं. पण डान्स बार आणि डान्स फ्लोअर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बारमध्ये एक नाचते आणि बाकीचे पैसे देऊन बघतात. क्लबमध्ये बघणारं कुणी नसतं. सगळेच नाचतात, आणि वाजवणारा बहुतेक वेळा अंधारात मान खाली घालून उभा असतो.

आता हेच वर्णन हळदीला लावून बघा. आगरी-कोळी हळदीत प्रेक्षक नावाचा प्रकार नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळे मांडवात. संध्याकाळी धवलारीण धवले गाते, तिच्या गाण्याशिवाय लग्नाचा विधी पुढे सरकत नाही. मग बेंजो, ऑक्टापॅड, कीबोर्ड. मग डीजे. एकाच मांडवात एकाच रात्री शंभर वर्षांचं अंतर पार होतं आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं, भातशेती आणि मिठागरं गेली. नाच मात्र गेला नाही. या शहरात क्लब संस्कृती कुणी आणली असं मला विचारलं तर मी करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली ही नावं घेईन. वाशीतल्या सेक्टर १९ डी मधले किंवा बेलापूरच्या सेक्टर १५ मधले पब नंतर आले.

ते नंतर आले म्हणून परके ठरत नाहीत. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत पाळीवर काम करणारी, कोपरखैरणे-घणसोलीत खोली घेऊन राहणारी हजारो मुलं-मुली या शहरात आहेत. ती विदर्भातून येतात, मराठवाड्यातून येतात, देशाच्या दुसऱ्या टोकाहून येतात. त्यांचं इथं गाव नाही, मंडळ नाही, लग्नाचा मांडव नाही. शनिवारी रात्री एका छोट्या खोलीत तोच डीजे, तीच तीस-चाळीस ओळखीची तोंडं, हेच त्यांचं मंडळ. अशा खोलीतला चांगला डीजे गाणी नुसती लावत नाही. फ्लोअरवरच्या माणसांचा दम किती उरलाय, कुणी बाजूला पडलंय का, हे बघून तो पुढचं गाणं निवडतो. भजनाच्या डबलबारीला गेलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समोरच्या बुवाने काय टाकलं आणि श्रोते कुठे डोलले, यावर आपला बुवा उत्तर बांधतो. पखवाज तापत जातो, पहाट होते. मी दोन्हीकडे साउंड केलं आहे आणि दोन्हीकडे माझी नजर वाजवणाऱ्यापेक्षा माणसांच्या खांद्यांवर जास्त असते.

म्हणून 'ही आपली संस्कृती नाही' हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. जागरण, गोंधळ, तमाशा, दशावतार हे सगळं रात्रीचंच. बाजार समितीतले माथाडी सातारा-सांगलीहून आले तेव्हा आपला गोंधळ बरोबर घेऊन आले. पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी त्याला संध्याकाळकडे सरकावलं. तेव्हा हळहळलेली माणसं रात्रीच्या संगीताच्या विरोधात कशी असतील?

यंत्रावरच्या नाचगाण्याचा उगमही तुच्छतेने बघण्यासारखा नाही. 'हाउस' या संगीतप्रकाराचं नाव ज्यावरून पडलं तो शिकागोचा 'वेअरहाउस' क्लब. १९७७ पासून तिथे डीजे फ्रँकी नकल्स वाजवत होता आणि नाचायला येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी तरुण होते, ज्यांना बाकीच्या शहरात मोकळं वावरता येत नव्हतं. इकडे मुंबईत १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर राग ध्वनिमुद्रित केले. पुढे शिकागोतून 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून जो आवाज जगभर गेला, त्याच्याशी त्यांचं साम्य ऐकून लोक आजही चकित होतात. जर्मनीच्या संसदेने २०२१ मध्ये संगीत क्लबांना सांस्कृतिक स्थळं मानण्याचा ठराव केला आणि २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संगीताला देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपण बर्लिनची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. रात्री नाचणाऱ्या लोकांकडे एखादं शहर पोलीस ठाण्याच्या नजरेपलीकडे जाऊनही बघू शकतं, एवढंच त्यातून दिसतं.

नवी मुंबईत मोठे कार्यक्रम होतच नाहीत असं नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये जस्टिन बीबर आला, २०१९ मध्ये यू-टू, २०२५ च्या जानेवारीत तीन दिवस कोल्डप्ले. शहराने रस्ते दिले, पोलीस दिले, रात्र दिली. त्यात वाईट काही नाही, अशा कार्यक्रमांत काम करून आमच्यातली पोरं पुष्कळ शिकली. पण ते शहराचं कौतुक नव्हे. जागा आपली आणि पाहुणा त्यांचा, असा तो व्यवहार. मी ज्या महोत्सवाबद्दल बोलतोय त्यात उलट हवं. वाजवणारे इथले, या गावांतले आणि या छोट्या खोल्यांतले. बेंजो पार्टी आणि क्लबमधला डीजे एकाच मंचावर, एकाच मानधनाने.

आता आवाज. इथे मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण या वादात दोन्ही बाजू आवाजाबद्दल बोलतात आणि आवाज कसा वागतो हे फार थोडे जण बघतात.

नियम स्पष्ट आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस बहुतेक सणांनाच जातात. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेहून १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्रीची बंदी उचलून धरली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला, हे नियम काटेकोर राबवायला सांगणारा निकाल तर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असायला हवा. पुष्कळ साउंडवाल्यांना तो आपल्या पोटावर पाय वाटतो. मला तो त्या आजींच्या बाजूचा वाटतो.

पण हे आकडे 'ए' मोजणीत असतात. कानाला जे सूर ठळक ऐकू येतात त्यांना ही मोजणी महत्त्व देते आणि खोल सुरांचं वजन कमी करते. ५० हर्ट्‌झच्या बेसमधून ती जवळजवळ ३० डेसिबल वजा करते. म्हणजे तुमच्या खिडकीवर ८० डेसिबलचा बेस आदळत असला तर मीटर ५० दाखवेल, आणि दिवसाच्या ५५ च्या मर्यादेत तो कायदेशीर ठरेल. इकडे शोकेसमधल्या कपबशा वाजत असतील. ५० हर्ट्‌झच्या लाटेची लांबी सुमारे ७ मीटर असते. कंपाउंडची भिंत, बंद खिडकी, जाड पडदा यांना ती फारशी जुमानत नाही. गाण्याचे शब्द भिंत अडवते आणि धडधड आत सोडते. त्या खोलीत मला कळलं ते हेच.

म्हणून माझी पहिली अट अशी, की आवाज मंचासमोर मोजून भागणार नाही. तो सगळ्यात जवळच्या घराच्या खिडकीत मोजायचा, आणि 'ए' बरोबर 'सी' मोजणीतही, कारण तिच्यात बेस लपत नाही. तो आकडा मिक्सरवर बसलेल्या माणसाला समोरच्या पडद्यावर सतत दिसला पाहिजे. दुसरी अट, पुढे स्पीकरची भिंत उभी करायची नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर १०० असेल तर ७५ वर यायला सुमारे १८० मीटर मोकळी जागा लागते. एवढी जागा आपल्याकडे क्वचित असते. त्याऐवजी मैदानभर छोटे स्पीकर विखरून लावायचे, प्रत्येकाने आपल्या पुढच्या लोकांपुरतं वाजायचं. काही बेस उलट्या तोंडाने आणि नेमक्या उशिराने वाजवले तर मागे जाणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. याला कार्डिऑइड रचना म्हणतात. ती करायला दोन तास जास्त लागतात, पैसे थोडे जास्त लागतात, आणि हळदीत कुणी त्यासाठी थांबत नाही. महोत्सवात थांबता येईल. एकदा का गावातल्या पोरांनी तिथे ती रचना बघितली, हाताने केली, तर पुढच्या हळदीत ती आपसूक येईल. नुसत्या नोटिसा लावून ती आजवर आलेली नाही.

नाचणाऱ्यांच्या कानांचंही बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जे मानक दिलं, त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, कानात घालायचे बोळे उपलब्ध असावेत आणि शांत बसायला एक कोपरा असावा असं म्हटलं आहे. माझ्या उजव्या कानात आता कायम बारीक शिट्टी वाजत असते. विशीतल्या पोरांनी तिच्यापर्यंत पोहोचू नये.

दुसरा खरा आक्षेप सुरक्षेचा, आणि त्याला मी हलक्यात घेत नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईतल्या कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जण गेले. बंद जागा, ज्वालाग्राही छत, बाहेर पडायला वाट नाही. उघडं मैदान त्यापेक्षा बरं, पण उघडं आहे म्हणून आपोआप सुरक्षित नव्हे. खारघरमध्ये १६ एप्रिल २०२३ च्या कार्यक्रमात भर दुपारच्या उन्हात बसून १४ माणसं दगावली, तेही मोकळ्या मैदानातच. जर्मनीतली 'लव्ह परेड' ही नाचाची मिरवणूक १९८९ मध्ये बर्लिनमध्ये दीडेकशे लोकांनी सुरू केली. २०१० मध्ये डुइसबुर्ग शहरात तिच्या गर्दीत २१ जण चेंगरून मेले, कारण आत यायला आणि बाहेर जायला बोगद्यांची एकच वाट होती. म्हणून संख्या आधी ठरवायची आणि मग मैदान. यायच्या आणि जायच्या वाटा वेगळ्या, पाणी फुकट, सावली पुरेशी, डॉक्टर डोळ्यांसमोर. गर्दी किती जमली याचा आकडा अभिमानाने सांगायची आपली सवय या एका कार्यक्रमापुरती तरी बाजूला ठेवावी लागेल.

दारूबद्दल माझं मत क्लब चालवणाऱ्या मित्रांना आवडलेलं नाही. पहिली काही वर्षं मैदानात दारू नको. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षांची अट आहे, म्हणजे ती ठेवली की अठरा-वीस वर्षांची पोरं आधीच वेगळी पडतात आणि गावातल्या काकी-मावश्या तर येणारच नाहीत. प्रायोजक कमी होतील, हे मला मान्य आहे. पण ज्या संगीताला आपण संस्कृती म्हणतोय, ते बाटलीशिवाय उभं राहतं हे एकदा भर उजेडात दिसू दे.

महापालिकेकडून पैसा मागायची गरज नाही. मागायची आहे ती सगळ्या परवानग्यांसाठी एक खिडकी. आज उघड्यावर साधा कार्यक्रम करायचा तर पोलीस ठाण्याची ध्वनिवर्धक परवानगी, वाहतूक, अग्निशमन, विद्युत निरीक्षक, संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि पीपीएल या संस्था, अशी दारं ठोठावत फिरावं लागतं. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी माणसं असतात. छोट्या क्लबकडे आणि बेंजो पार्टीकडे नसतात, म्हणून ते उघड्यावर येतच नाहीत, आणि मग आपणच म्हणतो की हे लोक लपून वाजवतात.

आणखी एक गोष्ट नगररचनेची. इंग्लंडने २०१८ मध्ये आपल्या नियोजनाच्या धोरणात एक तत्त्व घातलं. संगीताची जागा आधीपासून असेल आणि तिच्या शेजारी नवी घरं उभी राहत असतील, तर आवाज अडवायची सोय त्या घरं बांधणाऱ्याने करायची. वाशी-नेरूळमध्ये जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. मैदानाच्या कडेला आज फ्लॅट घेणाऱ्याने उद्या मैदानच बंद पाडायला जाऊ नये, यासाठी बिल्डरला दुहेरी काचेच्या खिडक्या बसवायला लावता येतील. ही सोय आपल्या विकास नियंत्रण नियमांत यायला हवी. ती महोत्सवापेक्षा जास्त काळ कामाला येईल.

कुठे आणि केव्हा, तेही सांगतो. खाडीच्या काठावर नको. ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यात आपल्याला उत्सव सुचतो तेव्हाच ते पाहुणे इथे उतरलेले असतात. आकाशात लेझरही नको, आता शहराला विमानतळ आहे. मला वाशी स्थानकाजवळचा, सिडको प्रदर्शन केंद्राच्या बाजूचा परिसर योग्य वाटतो. भोवती दुकानं आणि कार्यालयं, जवळून महामार्ग आणि लोकल, त्यामुळे कुणाला गाडी काढायची गरज नाही आणि एकट्या मुलीलाही गर्दीबरोबरच स्थानकात पोहोचता येतं. दिवस जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला, बारावीच्या परीक्षा सुरू होण्याआधीचा. दुपारी ३ ते रात्री १०. नाचायला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी दिवाळीच्या पहाटे ठाण्याच्या राम मारुती रस्त्यावर जाऊन यावं.

शेवटच्या तासात आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. सूर्य मावळल्यावर जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दुपारपेक्षा लांब पोहोचतो. ९ ते १० हा तास म्हणूनच सगळ्यात अवघड आहे, आणि तो मी क्लबमधल्या कुणाला देणार नाही. तेव्हा मंचावर धवलारीण असावी, बेस बंद, दोन छोटे स्पीकर. मैदानातल्या पोरांनी तिच्यामागे धवले म्हणावेत.

मला मिक्सरवर जागा नको आहे. सगळ्यात जवळच्या इमारतीतल्या कुणीतरी मला त्यांच्या खोलीत बसू द्यावं. मीटर मी घेऊन येईन, आणि टेबलावर एक पाण्याचा तांब्या ठेवायला सांगेन.